चार शेजारी कुटुंबं, दोन रात्री तंबूत: १ मेच्या सुट्टीतला भंडारदरा

प्रश्न थोडक्यात असा आहे. ठाण्यातल्या एकाच इमारतीतली चार कुटुंबं १ मेच्या जोडून आलेल्या सुट्टीत भंडारदऱ्याला निघाली आहेत. आठ मोठी माणसं, चार ते तेरा वयाची सहा मुलं आणि एका घरातले आजी-आजोबा, असे सोळा जण. दोन रात्री तंबूत, स्वयंपाक स्वतःचा, आणि याआधी कुणीच तंबूत राहिलेलं नाही. काय न्यायचं, कुठे उतरायचं, हे विचारलंय. शेवटी जरा दबक्या आवाजात हेही विचारलंय की परत आल्यावर एकमेकांची तोंडं बघावीशी वाटतील ना.

या शेवटच्या शंकेपासून सुरुवात करतो, कारण बाकीचं बरंचसं तिच्यात अडकलेलं आहे. मी वर्षानुवर्षं सह्याद्रीत मुलांची आणि कुटुंबांची शिबिरं घेतोय. सामान विसरल्यामुळे सहल बिघडली असं फार कमी वेळा होतं. मीठ, काडेपेटी, सुतळी गावात मिळते. सहल बिघडते ती काम सगळ्यांचं असल्यामुळे कुणाचंच न राहिल्यानं. आपल्या एकट्याच्या घराची सहल असली की पाणी कुणी भरायचं हे न बोलता ठरलेलं असतं. चार घरं एकत्र आली की प्रत्येकाला वाटतं, दुसऱ्यानं भरलं असेल. बारा सुगरणी तरी आमटी अळणी, तसं. आमटी अळणी झाली तर मीठ घालून खाता येईल. धरणाच्या काठावर सहा मुलं असताना मात्र हाच घोळ जिवावर बेततो. म्हणून तुमच्या सगळ्या तयारीत एकच नियम धरा: प्रत्येक कामाला एक धनी, नाव घेऊन ठरवलेला.

निघण्याच्या पंधरा दिवस आधी आठही मोठी माणसं कुणाच्या तरी घरी तासभर बसा. हे व्हॉट्सॲपवर करू नका, तिथे सगळे होकाराचा अंगठा देतात आणि मनातलं मनात राहतं. पैशांचं तिथेच बोलून टाका. माझा अनुभव असा की घरटी समान वाटा काढला की तीन माणसांच्या घराला तो टोचतो आणि पाच माणसांच्या घराला संकोच होतो. माणशी धरा. मोठ्याचा पूर्ण वाटा, पाच वर्षांवरच्या मुलाचा अर्धा, त्याखालच्याचा काही नाही. पेट्रोल आणि टोल त्या त्या गाडीतल्यांनी वाटून घ्यायचा. अंदाजे रक्कम आधीच एकाकडे जमा करा आणि सगळा खर्च त्यानंच करायचा. रोख वाटेतल्या घोटी गावातच काढून ठेवा, कारण धरणाच्या मागच्या बाजूला मोबाईलची रेंज येते-जाते आणि रेंज नसली की यूपीआयही नाही.

दारूचं बोलायला सगळे कचरतात, तेही याच बैठकीत बोला. मुलं सोबत असताना, पाण्याच्या शेजारी, मी शिबिरात दारू ठेवतच नाही. तुमच्यात कुणाला हे मान्य नसेल तर निदान एवढं पक्कं करा की दोन्ही रात्री गाडी चालवू शकणारे किमान दोघे जण पूर्ण शुद्धीत असतील. रात्री अडीच वाजता एखाद्या मुलाला विंचू चावला तर गाडी कोण काढणार, या प्रश्नाचं उत्तर निघण्याआधी तयार हवं.

आणि मुलांना कुणी रागवायचं? शेजाऱ्यांच्या सहलीत मनं दुखावतात ती बहुतेक वेळा इथे. साधी वाटणी करा. पाणी, गॅस, गाडी आणि अंधार या चार बाबतींत कुणीही मोठ्या माणसानं कुणाच्याही मुलाला ओरडायचं, हाताला धरून मागे ओढायचं, आणि त्या मुलाच्या आईवडिलांनी ते मनाला लावून घ्यायचं नाही. जेवण, झोप, हट्ट, भांडणं यांत मात्र ज्याचं मूल त्यानंच बोलायचं. दुसऱ्याचं मूल भाजी टाकतंय म्हणून आपण शिकवायला गेलो की दोन घरांत अबोला सुरू झालाच म्हणून समजा.

कामं घरावारी वाटू नका. "पहिल्या रात्रीचं जेवण आमच्याकडे, दुसऱ्या दिवशीचं तुमच्याकडे" असं ठरलं की नकळत चढाओढ लागते आणि चारही घरच्या बायका दोन दिवस शेगडीपाशी उभ्या राहतात. त्यांचीही सुट्टीच आहे. प्रत्येक जेवणाला दोन माणसं नेमा, दोन वेगळ्या घरांतली, त्यातला एक तरी पुरुष. त्या जेवणापुरतं काय करायचं, किती करायचं हे ते दोघं ठरवतील, इतरांनी सांगितलं तेवढं चिरून द्यायचं. पाणी, औषधं, दिवे, कचरा यांनाही असाच एकेक धनी.

आता तारीख. २०२६ मध्ये १ मे शुक्रवारी आहे आणि त्याच दिवशी बुद्धपौर्णिमा आहे. याचा तुमच्या सहलीवर बराच परिणाम होणार आहे. मुलांना काजवे दाखवायचे म्हणून भंडारदरा निवडला असेल तर त्यांना आत्ताच सांगा की काजवे दिसणार नाहीत. ते मेच्या अखेरीपासून पाऊस लागेपर्यंत असतात, आणि इतक्या चांदण्यात तर नाहीच. दाट ताऱ्यांचं आकाशही दिसणार नाही. पण अंधार पडल्यावर पश्चिमेला लखलखीत शुक्र आणि त्याच्या वर गुरू दिसेल. उत्तरेकडे सप्तर्षी चांगले वर आलेले असतील. त्यांच्या शेपटीची कमान पुढे नेली की तांबूस स्वाती आणि तशीच आणखी पुढे गेली की पांढरीशुभ्र चित्रा लागते. एवढं पौर्णिमेच्या उजेडातही नीट सापडतं, आणि मुलांना पहिल्या रात्री एवढंच पुरतं.

दुसरी गोष्ट वनखात्याची. बुद्धपौर्णिमेच्या रात्री राज्यातल्या अनेक अभयारण्यांत पाणवठ्यांवर मचाणावर बसून प्राण्यांची नोंद घेतात, कारण उन्हाळ्याच्या टोकाला जनावर पाण्यावर येतंच आणि चांदण्यात ते दिसतं. रतनवाडी, घाटघर, साम्रद हा सगळा पट्टा कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो. तेव्हा त्या रात्री कुठल्या भागात जायला बंदी आहे हे तिथल्या वनखात्याच्या नाक्यावर विचारून घ्या, आणि स्पीकर घरीच ठेवा.

जागा निवडताना माझा आग्रह असा की पहिल्या वेळी मोकळ्या काठावर, जिथे वाटेल तिथे उतरू नका. शेंडी हे धरणालगतचं गाव, तिथे किंवा रतनवाडीच्या वाटेवर गावकऱ्यांची तंबूसाठी दिलेली शेतं आहेत. तिथे संडास आणि वापरायचं पाणी मिळतं, आणि रात्री काही झालं तर हाकेच्या अंतरावर वाट माहीत असलेला माणूस असतो. पैसे थेट त्या घरात जातात, हेही चांगलं. फोनवर ठरवताना दोनच प्रश्न खोदून विचारा: संडासाला रात्री पाणी असतं का, आणि पाण्याचा काठ तंबूपासून किती पावलांवर आहे. तंबू अगदी काठाला लावून देतो असं कौतुकानं सांगितलं, तर तुमच्या मुलांची वयं बघता नको म्हणा. शंभरेक पावलांचं अंतर मला बरं वाटतं.

आजी-आजोबांना नक्की न्या, पण त्यांची झोप तंबूत नको. जमिनीवरून उठणं आणि रात्री दोनदा बाहेर जाणं यात त्यांचे हाल होतील. शेंडीत एमटीडीसीचं निवासस्थान आहे, खासगी खोल्याही आहेत. एक खोली घ्या. दुपारी उन्हात लहान मुलांनाही ती उपयोगी पडेल.

आता पाण्याचा काठ. जरा थांबून वाचा. भंडारदऱ्याचं विल्सन धरण १९२६ साली पुरं झालं. त्याच्या मागचा आर्थर जलाशय मे महिन्यात बराच खाली गेलेला असतो आणि उघड्या पडलेल्या काठावर वाळलेल्या मातीला भेगा पडलेल्या दिसतात. वरून ही जमीन टणक वाटते. पाण्याच्या जवळ गेलं की भेगा बुजत जातात, माती गडद होते, आणि मोठ्या माणसाचा पाय घोट्यापर्यंत, पुढच्या पावलाला गुडघ्यापर्यंत गाळात जातो. पाय ओढायला गेलं की चप्पल आत राहते आणि तोल जातो. त्याच्या पुढे तळ कुठे तुटलाय हे वरून कळत नाही, कारण पाण्याखाली जुने बांध आणि ओढ्यांची पात्रं आहेत. उत्तम पोहणारा माणूसही गाळात पोहू शकत नाही. म्हणून मुलांनी जलाशयात उतरायचं नाही. पाय बुडवायचे असतील तर दगडी, उतरता काठ बघून, मोठ्याचा हात धरून आणि लाइफ जॅकेट घालूनच. मुलांच्या मापाची जॅकेटं ठाण्यातच विकत किंवा भाड्यानं घ्या. तिथे मिळतात ती बहुतेक मोठ्यांच्या मापाची असतात आणि लहान मूल त्यातून खालून निसटतं.

जॅकेट असलं तरी डोळा हवा. बुडणारं मूल ओरडत नाही, हात हलवत नाही. त्याचं तोंड पाण्याच्या पातळीला असतं, श्वास घ्यायलाच त्याची धडपड चाललेली असते, आणि हे सगळं दहा पावलांवर गप्पा मारणाऱ्या चार आईबापांच्या समोर घडू शकतं. आम्ही शिबिरात एक शिट्टी ठेवतो. ज्याच्या गळ्यात शिट्टी, तो पाण्याचा राखणदार. त्यानं मोबाईल दुसऱ्याकडे द्यायचा, गप्पा नाहीत, चहा नाही, नजर मुलांवर. अर्ध्या तासानं पाळी बदलते. बदलताना शिट्टी नुसती खाली ठेवून जायचं नाही, समोरच्याच्या हातात द्यायची आणि मोठ्यानं म्हणायचं, "सहा मुलं, सहाही दिसतायत, आता तू." समोरच्यानं स्वतः मोजून "सहा, घेतली" म्हटल्यावरच पहिल्यानं उठायचं. आधी हे नाटकी वाटतं, पण दुसऱ्या पाळीपासून मुलंच आठवण करून देतात. संध्याकाळी पाच वाजल्यावर काठ बंद.

मुलांच्या गळ्यातही एकेक शिट्टी द्या. चुकलं तर जागचं हलायचं नाही, तीनदा वाजवायची आणि थांबायचं, एवढंच शिकवा. तेरा वर्षांच्या मुलाला किंवा मुलीला धाकट्यांची आया करू नका. त्याला एखादं खरं काम द्या, दिव्यांचा धनी तोच असू दे.

तंबूकडे वळू. चार माणसांचा म्हणून विकला जाणारा तंबू दोन मोठी आणि एक मूल यांना पुरतो, तेव्हा त्या हिशोबानं मोजा. लावायचा सराव इमारतीच्या गच्चीवर एका संध्याकाळी करा आणि मुलांना रात्री तिथेच झोपवून बघा. ज्या मुलाला अंधाराची भीती आहे ते तिथेच कळेल. मेमध्ये तिथली जमीन मुरमाची आणि दगडासारखी कडक असते, तंबूबरोबर येणाऱ्या ॲल्युमिनियमच्या खुंट्या पहिल्या घावात वाकतात. हार्डवेअरच्या दुकानातून लोखंडी खुंट्या आणि एक मोगरी घ्या. झाड तंबूच्या पूर्वेला असावं, म्हणजे सकाळी आठ-नऊपर्यंत सावली मिळते, नाहीतर सातलाच आत भट्टी होते. झाडाखाली लावण्याआधी वर बघा: वाळकी फांदी आणि आग्या मोहोळ. मोहोळ दिसलं तर ती जागा सोडा, खाली धूर तर मुळीच करू नका. कोरड्या ओढ्याची सपाट वाळू कितीही मऊ असली तरी तिथे तंबू नको. वर डोंगरात वळीव कोसळला तर तुमच्याकडे थेंब न पडताही ओढ्याला लोंढा येतो.

वळवाची शक्यता मेमध्ये असतेच, आणि तो बहुधा दुपारनंतर विजा-वाऱ्यासकट येतो. वीज दिसल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत तीस आकडे मोजून व्हायच्या आत आवाज आला, तर सगळ्यांनी गाड्यांत बसायचं आणि काचा बंद करायच्या. तंबूत नाही, एकट्या झाडाखाली तर नाहीच. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं, विजेचा इशारा देणारं 'दामिनी' ॲप मोबाईलमध्ये घेऊन ठेवा, रेंज असेल तिथे उपयोगी पडतं.

दुपारी अकरा ते चार तंबूत कुणी थांबू शकत नाही हे गृहीत धरूनच दिवस आखा. पंधरा बाय वीस फुटांची हिरवी शेडनेट आणि भरपूर दोरी न्या, दोन झाडांच्या मध्ये उंच बांधा, खाली सतरंज्या टाका. पत्ते, आजोबांच्या गोष्टी, झोप, सगळं तिथेच. हिंडायचं ते सकाळी. रतनवाडीचं अमृतेश्वराचं देऊळ आठच्या आत बघा, नंतर अनवाणी पायांना दगड सोसवत नाही. तिथली पुष्करणी आणि खांबांवरचं कोरीवकाम यांसाठी मुलांच्या हातात वही-पेन्सिल द्या, अर्धा तास कसा जातो कळत नाही. रस्त्याकडेला करवंदांच्या जाळ्या पिकलेल्या असतात. सांधण दरी आणि कळसूबाई (१६४६ मीटर) या वेळी सोडा. पौर्णिमा आहे म्हणून रात्री कळसूबाई चढायची कल्पना कुणीतरी काढेलच, तेव्हा चार वर्षांच्या मुलाकडे बघून नाही म्हणा.

पिण्याचं आणि स्वयंपाकाचं पाणी माणशी रोज ५ लिटर धरा. सोळा जणांना दोन दिवसांचे १६० लिटर, म्हणजे २० लिटरचे आठ जार. घोटीत घ्या किंवा तंबूवाल्याला आधी सांगून ठेवा. धरण शेजारी असलं तरी आसपासच्या वाड्यांत मेमध्ये विहिरी तळाला गेलेल्या असतात, बायका लांबून हंडे आणतात. त्यांच्या विहिरीवर भांडी-आंघोळी करू नका.

जेवणाचं सोपं ठेवा. पहिल्या दिवसासाठी घरूनच दुधात भिजवलेल्या दशम्या, तिखटमिठाच्या पुऱ्या, कोरडी चटणी. ओल्या नारळाची चटणी आणि पनीर या उन्हात टिकत नाही. एका रात्री मुगाची खिचडी, एकदा भाजणीची थालीपीठं, आणि एक जेवण गावातल्या ताईंकडे सांगा: पिठलं, भाकरी, ठेचा. मुलांसाठी कमी तिखट आधीच सांगावं लागतं. पन्ह्याचा गर आणि कोकमचं आगळ बाटलीत भरून न्या. शाकाहारी आणि मांसाहारी घरं एकत्र असतील तर भांडी आणि पळी वेगळी ठेवायची की चालतं, हे बैठकीतच विचारा. कुणी स्वतःहून बोलत नाही आणि मग उपाशी राहतं.

शेकोटीचा हट्ट सोडा. गवत वाळून कोळ झालेलं असतं, वारा सुटतो, आणि अभयारण्यात असा जाळ करणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या विरुद्ध आहे. ५ किलोचा सिलिंडर, त्यावर शेगडी, वाऱ्याला आडोसा म्हणून पत्रा, आणि तंबूपासून दहा-बारा पावलं लांब उघड्या मातीवर. पेटती शेगडी किंवा निखारे तंबूत कधीही न्यायचे नाहीत, त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूला वास नसतो आणि झोपलेला माणूस उठत नाही.

साप-विंचवाची भीती बाळगू नका, शिस्त बाळगा. तंबूची चेन आत-बाहेर करताना प्रत्येक वेळी पूर्ण लावायची, चपला-बूट आत, घालण्याआधी झटकायचे, अंधारात पाय टाकण्याआधी टॉर्च. मण्यार रात्री हिंडते आणि जमिनीवर झोपलेल्याला चावते. चावा अनेकदा कळतही नाही, पहाटे पोटात दुखतं आणि पापण्या जड होतात. अशी लक्षणं दिसली की वाट बघू नका. चिरायचं नाही, आवळून बांधायचं नाही, हात-पाय हलू न देता थेट दवाखाना. विंचवासाठी जांभळ्या उजेडाचा छोटा अतिनील टॉर्च न्या, त्यात विंचू हिरवट चमकतो. झोपण्याआधी तंबूंभोवती एक फेरी मारा, मुलांना हे फार आवडतं. लाल विंचू चावल्यावर मुलाला दरदरून घाम, उलट्या, हातपाय गार असं झालं तर तो घरगुती उपायांचा विषय नाही. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिन हे औषध यावर वापरात आणलं आणि त्यानं मरणाचं प्रमाण खूप खाली आलं, पण ते वेळेत मिळायला हवं. राजूर आणि घोटी या दोन बाजूंच्या सरकारी दवाखान्यांत हे औषध आणि सर्पदंशाची लस आहे का, हे औषधांच्या धन्यानं निघण्याआधी फोन करून विचारायचं आणि उत्तर कागदावर लिहून प्रत्येक गाडीत ठेवायचं. १०८ नंबर सगळ्यांना पाठ हवा, मुलांनाही.

शुक्रवारी पहाटे पाचला निघा. अंतर १५० किलोमीटरच्या आसपास आहे. भिवंडीजवळच्या आमण्याहून समृद्धी महामार्गावर चढलात तर कसारा घाटातली सुट्टीची रांग टळते. इगतपुरीपर्यंतचा हा टप्पा ५ जून २०२५ पासून सुरू आहे. पुढे घोटी, बारी, शेंडी. रविवारी न्याहारी करून नऊच्या आत तंबू उतरवा. शेवटी सगळ्यांनी हातभर अंतरावर एका ओळीत उभं राहून जागेवरून चालत जायचं, दिसेल तो कागद, झाकण, टूथपेस्टचा तुकडा उचलायचा. कचऱ्याच्या पिशव्या ठाण्याला परत आणा, त्या वाड्यांत घंटागाडी येत नाही. आणि हिशोब त्याच रात्री ग्रुपवर टाका, बिलांच्या फोटोंसकट. उरलेले पैसे सोमवारी परत.